खांदेरीवर पाय ठेवताना

अलिबागजवळच्या थळहून खांदेरीचं बेट अगदी समोर दिसतं. अवघड असतं ते उतरणं. होडी धक्क्याला टेकत नाही, शेजारी वरखाली होत राहते. लाट आली की धक्का गुडघ्याशी, गेली की डोक्याशी. उडी मधल्याच एका क्षणी मारायची, आणि तो क्षण फक्त नाखव्याला कळतो. "आता नको... थांबा... हां, आता!" यातलं 'आता' माझ्या कानातून पायापर्यंत पोचेस्तोवर लाट निघून गेलेली असते. मग दोन खलाशी दंडाला धरून मला वर ढकलतात. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरवलेल्या किल्ल्यात मी असा रांगत दाखल होतो.

समाधान एवढंच, की इंग्रजांचे हाल याहून वाईट झाले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्यांकरवी इथे तटबंदीचं काम काढलं आणि मुंबईत इंग्रजांची झोप उडाली. किल्ला त्यांच्या बंदराच्या तोंडाशीच होत होता ना! त्यांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वल्ही मारत उथळ पाण्यातून सामान पोचवत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी डुलत बसायची. ऑक्टोबरात तर मराठ्यांनी त्यांचं 'डव्ह' नावाचं गुराब जातीचं जहाजच पकडून नेलं.

वर मात्र बेट लाड करतं. कोळ्यांचा वेताळ आहे, गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत, १८६७ चं दीपगृह आहे. आणि एक खडक आहे, दगडाने ठोकला की धातूसारखा टणटण वाजणारा. पोरं तो एकदा वाजवून पळतात. बापमंडळी हटत नाहीत.

आपण डबा उघडावा, तेवढ्यात खालून हाक येते, "चला, पाणी उतरतंय!" इथे घड्याळ भरती-ओहोटीचं. पोळीचा घास तोंडात कोंबून पुन्हा तीच कसरत, या वेळी उलट्या दिशेने.

शेजारची उंदेरी त्याहून बेरकी. तिथे शेवाळलेल्या खडकांवरच उतरायचं, आणि खडकांना चिकटलेली कालवं तळपाय सोलून काढतात. १६८० च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने ती बळकावली आणि तिथून खांदेरीवर तोफा डागल्या.

"उंदेरीपण बघायची का?" नाखव्याने विचारलं.

"लांबूनच दाखवा नाखवा," बायको म्हणाली. "ह्यांना तिथे उतरवायला सिद्दीचं अख्खं आरमार लागेल."