अमळनेरमा काय शे?

आज दुपारी अमळनेरच्या स्टँडवर एक मामा आपल्या मेहुण्याला सांगत होता, "दाजी, अमळनेरमा काय शे? पोरले जळगावले टाका." पोरगी शेजारीच उभी. बारावी सायन्स झालेली, पारोळा तालुक्यातल्या खेड्यातली, कागदांची फाईल छातीशी धरलेली. बाप नुसता मान हलवत होता. तीच हळू आवाजात म्हणाली, "माले आठेच शिकनं शे." म्हणजे मला इथेच शिकायचंय. मामाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळ झाली तरी राग उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

काय शे म्हणजे? काय आहे म्हणजे? प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी केली ती याच गावात. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, पोरांचं वसतिगृह सांभाळत होते, ते इथेच. प्रताप कॉलेज १९४५ चं. साहित्य संमेलन १९५२ ला झालं आणि २०२४ ला पुन्हा झालं. एवढं असून आपली माणसं पाहुण्यांना इथेच सुरू झालेल्या विप्रोच्या शेअरने लोक श्रीमंत झाल्याची गोष्ट तेवढी सांगतात. मग त्या मामाने तरी दुसरं काय म्हणावं?

नोकऱ्या, मोठे दवाखाने आणि क्लासेस जळगावला जास्त आहेत. कबूल. पण त्यासाठी तिथेच खोली घेऊन राहावं लागतं हे कुणी सांगितलं? जळगाव रेल्वेने ५५ किलोमीटरच्या आसपास, धुळं रस्त्याने ३५-३६. अपडाऊन करणारी शेकड्याने माणसं आहेत. फक्त ते हिशोबाने करावं लागतं, आणि हिशोब न करता सुरू केलं की चार महिन्यांत माणूस कंटाळतो.

आधी एसटी. महिन्याचा पास म्हणजे २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस. आठवड्याला पाच दिवस ऑफिस असेल तर सुट्ट्या आणि रजा वजा जाता महिन्याला वीस-एकवीसच दिवस भरतात, म्हणजे पासात हाती काही लागत नाही. त्यापेक्षा तीन महिन्यांचा काढा, ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. बायकांनी मात्र दोन्ही काढू नयेत. २०२३ पासून त्यांना अर्धं तिकीट आहे आणि ती सवलत पासावर मिळत नाही. महिन्याला २६ दिवस रोज अर्धं तिकीट काढलं तरी १३ दिवसांचंच पूर्ण भाडं होतं. तरी कितीतरी मॅडम अजून पासाच्या रांगेत उभ्या असतात, आणि त्यांना हे सांगायला कुणी पुढे होत नाही.

रेल्वेचा तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट, म्हणजे दर तिमाहीला नऊ दिवसांचे पैसे वाचतात. विद्यार्थ्यांना निम्मा आणि पदवीपर्यंतच्या मुलींना मोफत, कॉलेजचा फॉर्म भरून दिला की. पास जनरल डब्याचा. घाईत स्लीपरमध्ये चढलात तर तुम्ही विनातिकीट धरले जाता, पूर्ण भाडं आणि वर किमान २५० रुपये. सुपरफास्टने जायचं तर त्याचा अधिभार वेगळा. आणि जळगावला आपली सुरत लाइन भुसावळ–मनमाडच्या मुख्य लाइनला मिळते, तिकडच्या गाड्यांना वाट दिली की आपली गाडी स्टेशनाबाहेर आऊटर सिग्नलला उभी. दहाची हजेरी असेल तर टाइमटेबलवर विसंबू नका, अर्धा तास हाताशी ठेवा.

जळगावच्या विद्यापीठात जायचं असेल तर रेल्वे सोडाच. ते शहराच्या अलीकडे आहे, बांभोरीजवळ, गिरणेच्या काठी. धरणगाव-पाळधीवरून जाणारी बस पकडा आणि अलीकडेच उतरा. रेल्वेने जळगाव गाठायचं आणि रिक्षा करून पुन्हा मागे यायचं, हे नवीन पोरं वर्षभर करत राहतात.

धुळ्याला इथून सरळ रेल्वे नाही, ती चाळीसगावहून. बस किंवा मोटरसायकल. मोटरसायकलने रोज ७० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस धरले तर १६८० किलोमीटर. ५० चं ॲव्हरेज धरलं तरी ३४ लिटर पेट्रोल, आणि दीड महिन्याला ऑइल बदलणं आलंच. चेनला आठवड्याला तेल नाही दिलं तर पावसाळ्यात चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही जातात. त्यापेक्षा बस बरी. मंगळवारी मात्र स्टँडवर लवकर या, मंगळ ग्रहाच्या मंदिराची गर्दी असते.

अमळनेरला खोली घेणाऱ्यांनी भाडं विचारायच्या आधी नळाला कितव्या दिवशी पाणी येतं ते विचारावं आणि टाकी बघावी. चौघांत रोजचं ४०० लिटर धरा आणि मधल्या दिवसांनी गुणा. स्लॅबखालची वरची खोली स्वस्त मिळते, पण वैशाखात रात्री बारापर्यंत भिंती गरम राहतात, झोप होत नाही आणि सकाळची गाडी चुकते. तळमजला घ्या. जुन्या वस्तीत धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं घर मिळालं तर फारच उत्तम, फक्त पावसाळ्याआधी वर माती टाकली का ते बघा, नाहीतर गळतं.

त्या पोरीला तर यातलं काहीच नको होतं. सकाळी गावाहून यायचं, संध्याकाळी परत जायचं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो, पदवीला तो बंद होतो. पण विद्यार्थी पास आहे, भाड्याचा फक्त एक तृतीयांश. जळगावला होस्टेल आणि मेस धरली तर बापाच्या कापसाच्या पैशातलं किती उरेल, हे मामाने बोटं मोजून बघायला हवं होतं. बाप मान हलवत होता तो पटलं म्हणून नाही. पोरीसमोर पैशाचं कसं बोलावं, म्हणून.

तिची अडचण एकच येईल: प्रॅक्टिकल. बी.एस्सी.ची दुपारची बॅच पाचला सुटली आणि गावाची गाडी त्याआधीच निघून गेली, की पोरी आधी प्रॅक्टिकल बुडवतात आणि मग कॉलेजच सोडतात. बॅच वर्षाच्या सुरुवातीला पडतात आणि नंतर बदलून मिळत नाहीत. म्हणून ॲडमिशन झाल्याबरोबर डेपोच्या चौकशी खिडकीवरून गावाच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्यायच्या, तो कागद विभागात दाखवायचा आणि सकाळची बॅच मागायची. बोनाफाईडच्या दोन प्रती काढायच्या, एक पासासाठी आणि एक फाईलला. जुलैत पासाच्या खिडकीवर रांग लागते, तेव्हा ॲडमिशनच्याच आठवड्यात जायचं.

कॉलेजात शिकवणारे बरेच जण माझ्या मित्रयादीत आहेत. सर, मॅडम, बॅच पाडाल तेव्हा खेड्यावरून येणाऱ्या पोरींना आधी विचारा, तुमची शेवटची गाडी किती वाजता?