बीड रोडवरचा ट्रक

"काहीही म्हणा, विमान पडलं की शेवटी चूक पायलटचीच निघते," सुनीलने ठोकून दिलं. गुलमंडीच्या कट्ट्यावर असं वाक्य टाकायचं म्हणजे तासाभराची निश्चिंती.

रफिकभाईंचा धंदा ट्रान्सपोर्टचा. ते लगेच सरसावले. "आपल्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरचं विसरलास? २६ एप्रिल १९९३. भर दुपारी एकच्या सुमाराला मुंबईला निघालेलं बोइंग ७३७ उडालं आणि बीड रोडवरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. पुढे विजेच्या तारांत गेलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली. लोक अजून म्हणतात, ट्रक मध्ये आला. अरे, ट्रक रस्त्यावरच होता की!"

"पण पायलटने विमानाचं नाक उशिरा उचललं. चौकशीतच आलंय ते. उचलायची पद्धतही चुकली," सुनील म्हणाला.

"अर्धंच सांगतोस," मी मध्ये पडलो. "त्याच चौकशीत राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणावरही ठपका आहे. विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहतूक अडवायला हवी होती, ती अडवली नाही."

"म्हशी अडवायला रेल्वे फाटकावर माणूस बसवतात," रफिकभाई म्हणाले, "आणि इथं विमानासाठी कुणी नाही!"

सुनील हटेना. त्याने 'सम्राट अशोक' या विमानाचा विषय काढला. १ जानेवारी १९७८, रात्रीची वेळ, एअर इंडियाचं ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटं व्हायच्या आत वांद्र्याच्या समुद्रात गेलं. २१३ जणांतलं कुणी वाचलं नाही.

"विमान ठणठणीत होतं की," सुनील म्हणाला.

तसं ते नव्हतं. कॅप्टनसमोरचं, विमान कुठे कललंय ते दाखवणारं यंत्र उजवीकडे कललेलंच अडकून राहिलं. विमान सरळ झालेलं असताना त्याला ते अजून उजवीकडे झुकलेलं दिसत होतं, म्हणून तो डावीकडे वळवत गेला. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. क्षितिज शोधणार कुठे? सहवैमानिकाचं यंत्र नीट चालत होतं, तिसरंही होतं. म्हणजे सुनीलचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, हे मला मान्य करावं लागलं. पण "पायलटची चूक" एवढं लिहून फाइल बंद केली, तर अडकलेलं यंत्र आणि ती काळोखी रात्र दोन्ही सुटतात.

"चरखी दादरी घ्या," मी म्हटलं. १९९६ साली दिल्लीजवळ सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर झाली, ३४९ मेले. कझाक विमानाने १५ हजार फुटांवर थांबायचं, ते त्याच्याही खाली उतरलं. चूक उघड. पण येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना वाट एकच होती, आणि तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर विमानाची उंचीच दिसत नसे. नंतर आपल्याकडे टक्कर टाळणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं.

"नंतर!" रफिकभाई हातावर तंबाखू मळत म्हणाले. "सगळं नंतरच."

सुनील थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तरीपण, त्या दिवशी नाक दोन सेकंद आधी उचललं असतं तर?"

"आणि ट्रक दोन सेकंद आधी निघाला असता तर?" रफिकभाई म्हणाले. "वाटेत चहाला थांबला असेल बिचारा." आणि त्यांनी आणखी तीन कटिंग सांगितले.