पाकोळी, पण कुठली?

दुर्बीण विकत घेतली ही माझी पहिली चूक. ती गळ्यात अडकवून कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला गेलो ही दुसरी. पेठेत बातमी पोचायला दोन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवसापासून मी ‘पक्ष्यातलं कळणारा माणूस’ झालो.

दिवसा हे निभावतं. खंड्या निळा असतो, पाणकावळा काळा असतो, टिटवी तर स्वतःचं नाव सांगतच हिंडते. खरी पंचाईत सूर्य शालिनी पॅलेसच्या मागे गेला की सुरू होते. आकाश राखाडी, त्यात काळे ठिपके, आणि शेजारी आमचे आण्णा. आण्णा एकेकाळी तालमीत घुमलेले. आता गुडघे गेलेत, पण समोरच्याला चीत करायची हौस शाबूत आहे.

“ते बघ. काय ते?”

“वटवाघूळ.”

“बगळं हाय ते, मर्दा.”

“आण्णा, वटवाघूळच.”

“लाव भेळ!”

भेळेची पैज म्हटल्यावर माघार घेणं शक्य नव्हतं. मी शास्त्र काढलं. म्हटलं, आण्णा, पहिल्यांदा मागची बाजू बघायची. बगळ्याचे पाय शेपटीच्या मागे काठीसारखे लांबतात आणि मान आत आखडलेली असते. वटवाघळाला मागे असं काही दिसतच नाही. पंखांची मागची कड उघडलेल्या छत्रीसारखी, खाचाखाचांची. पसारा चार फुटांचा, कधी त्याहूनही जास्त. आणि ते वल्हं मारल्यासारखे पंख सावकाश, एका लयीत हलवत सरळ जातं. घुबड असेल तर डोकं मोठं दिसतं, चार वेळा पंख मारून मध्येच तरंगतं, आणि डोक्यावरून गेलं तरी आवाज येत नाही. किडे खाणारी बारकी वाघळं असतात ती खांबावरच्या दिव्याभोवती अशी उडतात, की दिशा विचारली तर त्यांनाही सांगता येऊ नये.

हे सगळं मी हातवारे करून सांगत होतो, शेंगदाणेवाल्यासह पाचसहा जण ऐकत होते. तेवढ्यात संध्यामठाच्या बाजूने एक काळी आकृती आली. मी दुर्बीण लावली. अंधारात दुर्बिणीतून अंधारच मोठा दिसतो, हे त्या दिवशी कळलं. तरी ठोकून दिलं, “हे बघा, नमुनेदार वटवाघूळ!”

आकृती बरोब्बर आमच्या डोक्यावर आली आणि म्हणाली, “व्वाक!”

रातबगळा. दिवसभर झाडात मान घालून झोपतो आणि दिवेलागणीला मासे, बेडूक शोधायला निघतो. उडताना हाच एक शब्द बोलतो, आणि नेमका तेव्हाच बोलायचं त्याला सुचलं.

“वाघूळ वरडलं बघ,” आण्णा शेंगदाणेवाल्याला म्हणाले.

भेळ गेली. अब्रू वाचवायला मी वाघळांच्या ओरडण्याचा विषय काढला. बारकी वाघळं उडताना सतत ओरडत असतात, पण इतक्या वरच्या पट्टीत की आपल्या कानाला ऐकू येत नाही. त्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून त्यांना किडा कळतो. इटलीतल्या स्पलांझानी नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिलं, की डोळे गेले तरी वाघूळ नीट उडतं, पण कान बंद केले की धडकतं. त्यातलं इंगित कळायला मात्र 1938 साल उजाडलं, तेव्हा अमेरिकेत ग्रिफिन नावाच्या संशोधकाने यंत्र लावून तो आवाज पकडला. आपली फळं खाणारी मोठी वटवाघळं मात्र असलं काही करत नाहीत. ती सरळ डोळ्यांनी बघतात.

आण्णांनी शांतपणे ऐकलं. “म्हंजे जे वरडतंय ते ऐकू येत न्हाई, आणि ऐकू आलं ते वाघूळ न्हाई. मग तुझं चाललंय काय?”

एक शेवटचा उपाय होता. दिव्याखाली घिरट्या घालणाऱ्या वाघळासमोर बारीक खडा वर उडवायचा. किडा समजून ते वळून झडप घालतं. पक्षी ढुंकून बघत नाही. माझ्या लेकीने खडा उडवला. वाघूळ वळलं, आलं, खडा आहे हे कळल्यावर निघून गेलं. खडा मात्र आण्णांच्या भेळेत पडला, म्हणजे मी पैसे दिलेल्या भेळेत.

“मी मुद्दाम टाकलो न्हाई, सुटला हातातनं,” लेक म्हणाली. (कोल्हापूरच्या पोरी टाकतो-जातोच म्हणतात. व्याकरणवाल्यांनी इकडे फिरकू नये.)

इथवर प्रकरण रस्त्यावरचं होतं. चार दिवसांनी ते घरात आलं. रात्री साडेदहाला दिवाणखान्यात काहीतरी फडफडलं, ट्यूबलाइटभोवती दोन फेऱ्या मारून दत्ताच्या तसबिरीला लोंबकळलं.

“पाकोळी आली!” आईने डोक्यावर पदर घेतला. “क्येस झाका, गुंतती!”

मी पंखा बंद केला आणि रुबाबात पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: घरात पाकोळी शिरली आहे, काय करावे? धडाधड उत्तरं आली. घाबरू नका. तिचे पाय फार आखूड असतात, सपाट जागेवरून तिला उडणं जड जातं. तळहातावर अलगद घ्या, गच्चीवर जा आणि हात उंच करा, आपोआप उडेल.

हात पुढे केलासुद्धा होता. तेवढ्यात तसबिरीवरच्या पाकोळीने जांभई दिली आणि मला दात दिसले.

घोळ माझा नव्हता, मराठीचा होता. पक्षीवाल्यांची पाकोळी म्हणजे दिवसभर हवेत किडे टिपणारा, जुन्या इमारतींच्या वळचणीला पिसांची घरटी करणारा काळा पक्षी. आईची पाकोळी म्हणजे बारकं वाघूळ. दोघी तेच किडे खातात. गिरणीची पाळी बदलावी तशी संध्याकाळी एक घरी जाते आणि दुसरी कामावर येते. एवढं सगळं वाटून घेतल्यावर नाव तरी वेगळं ठेवायचं! एक पाकोळी हातावर घेतली तर पुण्य, दुसरी घेतली तर रेबीजची लस.

हात मागे घेतला. आतली दारं लावली, दिवे मालवले, रस्त्याकडच्या खिडक्या सताड उघडल्या आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात अंधारात बसलो. डासांनी आम्हाला ओरपलं. पाव तासाने बघितलं तर तसबीर मोकळी होती.

सकाळी आई तसबिरीखालची फडताळाची फळी पुसत होती. काळे, तांदळाएवढे चारपाच दाणे.

“उंदीर झाल्यात घरात. पिंजरा आण.”

“आई, ते पाकोळीचं आहे. उंदराची लेंडी कडक असते. ही काडीने दाबली की भुगा होतो आणि त्यात किड्यांचे पंख चमकतात. थांब, दाखवतो.”

मी काडी शोधत होतो तेवढ्यात आण्णा दारात आले. त्यांनी फळीकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“उंदीर हाय,” ते म्हणाले. “लाव भेळ!”