‘तिथे तालिबानी होतेच ना?’ : कुंदुझवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

अफगाणिस्तानातल्या कुंदुझमध्ये ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेच्या दवाखान्यावर 2015 मध्ये अमेरिकी विमानाने हल्ला केला, त्यावरचा माझा लेख तुम्हाला एकांगी वाटला. मी हल्ल्याला ‘जाणूनबुजून केलेला’ म्हटलं आणि आत तालिबानी होते हे दडपलं, असं तुमचं म्हणणं.

पहिलं मान्य. तो शब्द काढून टाकलाय. अमेरिकी लष्कराच्या चौकशीत ही चूक ठरली. लक्ष्य होती तालिबान्यांनी बळकावलेली दुसरीच इमारत. विमानातल्या यंत्राने भलतीच मोकळी जागा दाखवली, मग वरून ‘तशीच दिसते’ म्हणून दवाखाना निवडला गेला. फक्त एवढंच, की त्या दवाखान्याचे अक्षांश-रेखांश ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ने 29 सप्टेंबरला, म्हणजे चारच दिवस आधी, पुन्हा कळवले होते. पुढे 16 जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली. फौजदारी खटला एकावरही नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार. तालिबानी होते, हो. संस्थेच्याच अहवालानुसार 105 रुग्णांत सुमारे 20. तीन-चार सरकारी सैनिकही होते. पण होते ते खाटेवर, सलाईन लावलेले. बंदुका फाटकाबाहेर ठेवायच्या, असा तिथला नियम. आणि 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं 19 वं कलम तर याच्याही पुढे जातं: जखमींकडून काढून घेतलेली शस्त्रं दवाखान्यात पडून असली, तरी त्याचं संरक्षण जात नाही. तिथून खरोखरच लढाई चालली असेल, तरीही आधी इशारा द्यावा लागतो. कुंदुझला तो दिला नव्हता.

आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनमध्ये कुणाच्या जखमा शिवल्या? जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीतल्या सैनिकांच्या. बरे झाले की परत आघाडीवर जाणाऱ्यांच्या. जपानी विमानांनी त्यांचं ऑपरेशन थिएटर उडवलं असतं, तर ‘सैनिक होतेच ना’ असं तुम्ही म्हणाला असता का? मला नाही वाटत.

‘भावनिक तपशील कशाला’ असंही तुम्ही विचारलंय. तेव्हा लेखात न घातलेला एक सांगतो. 3 ऑक्टोबर 2015 च्या पहाटे 2.19 पासून संस्थेचे लोक काबूलला, वॉशिंग्टनला फोन करत होते. आत अतिदक्षता विभाग जळत होता. 2.56 ला त्यांनी मेसेज केला, हल्ला थांबवा, खूप माणसं गेलीत. तीन मिनिटांनी नाटोच्या काबूलमधल्या मुख्यालयातून उत्तर आलं: प्रयत्न करतो, तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

मेले 42. रुग्ण 24, कर्मचारी 14, सोबतचे नातेवाईक 4.