दिवा विझवणे : ७०८ रुपये

पावतीवर स्वच्छ छापलंय. ‘स्कॅनिंग व फॉल्ट क्लिअर, ६०० रुपये. जीएसटी १८ टक्के, १०८ रुपये.’ काम काय, तर स्टिअरिंगखाली यंत्राची पिन खुपसली, दोन बटणं दाबली आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा घालवला. “झालं सर.” बिघाडाचा कोड वाचणारं माझं स्वतःचं यंत्र एका मित्राकडे दोन महिने ‘उद्या देतो’ या अवस्थेत पडलंय, म्हणून ही पाळी. दिवा गेला तो वर्कशॉपच्या फाटकापासून दुसऱ्या गतिरोधकापर्यंत. तिथे परत आला, आणि आता लुकलुकत आला. मागे फिरलो तर वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी.

खरं दुखणं दिव्याचं नव्हतंच. गाडी तीन सिलेंडरची. ही इंजिनं मुळातच दादरा वाजवतात, त्यातलं एक सिलेंडर बसलं की प्रत्येक वेळी एक मात्रा गिळली जाते. सिग्नलला उभं राहिलं की आरशात मागची बस दोन-दोन दिसते, चढाला पाय दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी मान हलवते. हे इंजिनाच्या संगणकाला कसं कळतं? इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, दात्यांवर एक सेन्सर डोळा ठेवून असतो. पेट्रोल पेटलं की क्रँकला धक्का बसतो आणि क्षणभर वेग वाढतो. ज्या सिलेंडरच्या पाळीला तो धक्का येत नाही, त्याच्या नावावर मिसफायरची नोंद पडते. दिवा नुसता लागून राहिला तर आठवड्यात दाखवा. लुकलुकला तर पाय काढा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आतली चिनीमातीची जाळी वितळते, आणि त्या भागाची किंमत ऐकून माणूसही लुकलुकतो.

तर अशी पावलापावलाने गाडी पार्किंगात आणली आणि समोर तिसऱ्या मजल्यावरचे काका.

कोल्हापुरात राहायचं तर एक समजून घ्यावं लागतं. इथे उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या लेथ फिरतायत, इंजिनांचे सुटे भाग घडतायत. त्यामुळे रस्त्यात बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत तीन तज्ज्ञ जमतात आणि तिघांचाही कुणीतरी मेव्हणा उद्यमनगरात असतो. आमच्या काकांना मेव्हण्याची गरज नाही. त्यांच्याकडे एकेकाळी पद्मिनी मोटार होती, आणि नदीकाठी तीन एकर ऊस अजून आहे.

“काय झालंय रं? गाडी खोकालीय न्हवं?”

“काका, चेक इंजिनचा दिवा लागलाय.”

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, खिडकीतून अर्धं अंग आत घातलं आणि दिव्याकडे बराच वेळ बघितलं.

“मर्दा, ही मोटर हाय.”

“मोटारच आहे काका.”

“तसली न्हवं. पाण्याची मोटर. मोनोब्लॉक. ह्ये बघ, हिकडं सक्शन, हिकडं डिलिव्हरी. आणि वर ह्ये प्रायमिंगचं झाकण.”

मी वाकून बघितलं. इतकी वर्षं हा दिवा बघतोय, त्याला कुणी नळ म्हणतं, कुणी कोंबडी म्हणतं. पण एकदा काकांनी दाखवल्यावर दुसरं काही दिसेना. हुबेहूब पाच हॉर्सपॉवरची, विहिरीवर बसवलेली.

“कंपनीनं पाण्याची खूण दिलीया. पाण्याचं काय तर हाय. रेडिएटर उघड.”

इथे मात्र मी त्यांचा हात धरला. इंजिन तापलेलं असताना आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणूनच ते शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते सगळं उकळून तोंडावर येतं. तापल्याचा दिवा वेगळा असतो काका, लाल, थर्मामीटरच्या चित्राचा. लाल म्हणजे आत्ता थांबा, पिवळा म्हणजे लवकर बघा.

“आणि लुकलुकणारा पिवळा?”

“तो लालच समजायचा.”

“म्हंजे सिग्नलचा पोलीस गाडीतच बसवलाय.” काका खूश झाले आणि लगेच पुढच्या निदानावर गेले. “मग प्येट्रोल. आता त्यात ऊस घालत्यात. आमचाच ऊस तुझ्या टाकीत जातोय आणि बिल अजून आम्हाला न्हाई.”

यात ते पूर्ण चुकीचे नाहीत, हीच काकांची अडचण आहे. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच जास्त असतो, म्हणून संगणक इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि फ्युएल ट्रिमचा, म्हणजे पेट्रोल किती कमीजास्त केलं त्याचा, आकडा काही टक्के वर सरकतो. टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल त्याचा हात धरून तळाला जातं आणि पंप आधी तेच ओढतो. पण मग तिन्ही सिलेंडरं एकदम रुसतील. ऊस काही एकाच सिलेंडरवर राग काढणार नाही.

“आमच्या पद्मिनीला असला दिवाच न्हवता,” काका म्हणाले. “पॉइंट घासायचा, कार्बोरेटरमदी फुंकर मारायची, चालू. दिवा आला तवापास्नं रोग आला.” आणि जाता जाता रामबाण उपाय सांगितला, “बॅटरीची वायर काढ, धा मिनिटं थांब, परत लाव. दिवा जातोय का न्हाई बघ.”

जातो. तेच तर दुखतंय. वर्कशॉपने ७०८ रुपयांत जे केलं, ते काकांनी फुकट सांगितलं. संगणकाने नोंदलेला बिघाडाचा कोड पुसण्याला दुरुस्ती म्हणायची ही रीत कुठून आली कळत नाही. पुसल्यावर नुसता दिवा जात नाही, तर बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही जाते, म्हणजे तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती अंशांवर, भार किती. दिवा लागल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, तो आकडाही शून्यावर येतो. चोरी झाल्यावर आधी फरशी पुसून घ्यावी तसं. खरं तर पुसायची गरजच नसते. दोष खरोखर गेला असेल तर ओळीने तीन फेऱ्या निर्दोष झाल्यावर दिवा आपणहून विझतो.

मित्राच्या घरी जाऊन यंत्र हिसकावून आणलं. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या मोटारींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून नोंदवायची पद्धत) आलं, अमेरिकेत ते १९९६ पासून आहे. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचं बोटभर यंत्र घालायचं आणि फोनवर वाचायचं. हजाराच्या आतबाहेर मिळतं. दोनदा विझवलेल्या दिव्याच्या पैशात घरी आलं असतं.

कोड आला पी-०३०२. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं कुटुंब, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, तीन म्हणजे ठिणगी आणि मिसफायरचं खातं, शेवटचे दोन आकडे सिलेंडरचे. सिलेंडर पट्ट्याच्या बाजूने मोजायचे की गिअरबॉक्सच्या, यावर लोक तासभर भांडतात. तीन सिलेंडरवाल्यांनी भांडू नये. दोन नंबर कुठूनही मोजला तरी मधलाच.

आता हा कोड ‘प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल बदला’ असं म्हणत नाही. तो फक्त म्हणतो, मधल्या खोलीत काहीतरी झालंय. वर्कशॉपच्या सल्लागाराने मात्र फोनवरच यादी वाचून दाखवली. तिन्ही कॉइल, तिन्ही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, मिळून साडेचौदा हजार. ठसका लागलेल्या माणसाला दाताची कवळीही बसवून द्यावी तसा हा हिशेब. “सर, सगळं एकदम केलेलं बरं पडतं.” कुणाला बरं पडतं, हे वाक्यात नव्हतं.

खरी परीक्षा फुकट आहे. इंजिन गार होऊ द्यायचं, चावी काढायची. कॉइलच्या सॉकेटची कुलपाची पट्टी आधी मागे ओढायची, मग दाबून सॉकेट काढायचं. पट्टी न ओढता खेचलं तर उन्हाने कडक झालेलं प्लॅस्टिक तुटतं आणि नवा खर्च जन्माला येतो. बहुतेक गाड्यांत १० एमएमचा एक बोल्ट असतो. तो काढून कॉइल किंचित पिळून सरळ वर ओढायची. मधली कॉइल एक नंबरवर, एक नंबरची मध्ये. कोड पुसायचा (आता पुसायचा, वाचून झाल्यावर), गाडी फिरवायची. कोड पी-०३०१ झाला तर कॉइल गुन्हेगार. ०३०२ च राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची, आणि तरीही मधलंच रडत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब, मोजायचं. साधारण १२ ते १४ बार असावं, पण आकड्यापेक्षा सिलेंडरांमधला फरक बघायचा. एखादं दहा-पंधरा टक्क्यांच्या पलीकडे कमी असेल तर मग खरोखर उद्यमनगर.

कोड पी-०३०० असता, म्हणजे मिसफायर गावभर, आणि सोबत मिश्रण पातळ असल्याचा पी-०१७१, तर कॉइलला हातही लावू नये. उभ्या गाडीत फ्युएल ट्रिम वीस टक्के वर आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ शून्यावर, तर कुठलातरी व्हॅक्यूम पाइप फाटून चोरून हवा घेतोय. भार वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर. बऱ्याचदा पाइप फाटलेला नसतो, उंदराने खाल्लेला असतो. म्हणून मी बॉनेटखाली निपाणीच्या तंबाखूची पुडी बांधून ठेवतो. उंदीर तिला किती घाबरतो माहीत नाही. काकांनी मात्र दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडल्या उघडल्या पुडी हुंगली, चिमूटभर काढून तळहातावर मळली आणि म्हणाले, “उंदराला एवढा चांगला कशाला घालतोस?”

काका उभे असतानाच मधली कॉइल ओढली. ती वर येताना ‘पुळुक्’ असा आवाज झाला.

प्लग ज्या खोल विहिरीत बसतो, तिच्या तळाला पाणी होतं. कॉइलच्या रबरी बुटाच्या टोकाला पांढरट थर, आतल्या स्प्रिंगला गंज, आणि बुटाच्या कडेने पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा पाण्यातून शेजारच्या धातूत पळून जाणं सोपं, ती तशीच पळत होती आणि पळता पळता वाट जाळून ठेवत होती. पाऊस इथपर्यंत येत नाही. आठ दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगला इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन चकाचक करून दिलं होतं. सर्व्हिसिंगच्या पावतीत त्याचेही पैसे आहेत. म्हणजे पाणी घालण्याचे वेगळे आणि दिवा विझवण्याचे वेगळे, आणि विझवताना किलोमीटरचा तो आकडा गेला, जो नेमका धुलाईच्या दिवसाकडे बोट दाखवत होता. फोन केला तर सल्लागार म्हणाला, “वॉशिंग डिपार्टमेंट वेगळं आहे सर.”

विहिरीत पाणी असताना प्लग खोलायचा नाही, सगळं सिलेंडरमध्ये उतरतं. सिरिंजला नळी लावून ओढलं, उरलेलं पंक्चरवाल्याच्या हवेने उडवलं. प्लग १६ एमएमच्या सॉकेटने काढला. टोक मातकट तपकिरी, म्हणजे बिचाऱ्याचा दोष नव्हता, पण बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर तीच काळी रेघ. अशी रेघ घासून जात नाही. नवा प्लग आणि नवा बूट घातला, माझ्या गाडीला बूट सुटा मिळतो हे नशीब. काहींना अख्खी कॉइल घ्यावी लागते. प्लगचे पहिले आटे बोटांनीच फिरवायचे, हेड अॅल्युमिनियमचं असतं, वाकडा आटा पडला की संपलं. प्लगची फट मॅन्युअलमध्ये बघून मोजली. बुटाच्या तोंडाला आतून वीज न वाहू देणाऱ्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. गाडी सुरू केली. दादरा, सगळ्या मात्रा.

काका सिरिंजमधलं गढूळ पाणी उजेडात धरून बघत होते.

“किती निघालं?”

“असेल दहा-बारा मिली.”

“म्हटलं न्हवतं?” काका शांतपणे म्हणाले. “पाण्याचं काय तर हाय. कंपनी खूण उगंच दील का?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. चार वेळा समजावलं की ते चित्र इंजिनाचं आहे, पाणी हा योगायोग आहे. पण पार्किंगात आता त्यांचा शब्द चालतो. काल दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागला, तर मला न विचारता त्यांनाच बोलावलं. काकांनी चष्मा नाकावर घेतला, अर्धं अंग आत घातलं, बराच वेळ बघितलं.

“वहिनी, ह्यो माणूस मांडीवर कलिंगड घेऊन बसलाय.”