गाडी मिसिंग मारतेय

आमची पिकअप ओतूरहून टोमॅटोचे कॅरेट भरून नारायणगावच्या मार्केटला जाते. जाते म्हणजे जायची. ह्या सीझनला तिनं 'ढुक-ढुक-ढुक-फुस' सुरू केलं. चढाला तर करायचीच, पण घरासमोर चालू ठेवून उभी केली तरी अख्खी थरथरायची. चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, त्यातले तिघेच कामावर. कुठले तिघे, एवढंच कळत नव्हतं.

आपल्याकडे बॉनेट उघडायचा अवकाश, ओस रस्त्यावर कोरम पुरा होतो. डेअरीला दूध घालायला निघालेल्यानं गाडी थांबवून "डिझेलच्या पाइपात एअर धरलाय" म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, "डिझेलात पाणी हाय." तिसऱ्यानं आत न वाकताच "हेड गेलं" असा निकाल दिला आणि तंबाखू मळायला घेतली. हेड गेलं म्हणणाऱ्याला पुरावा लागत नाही. आणि खर्चही त्याला करायचा नसतो.

मेहुण्याचा पुण्याहून फोन आला. "दाजी, प्लग साफ केले का?"

डिझेलला ठिणगीचा प्लग नसतोच. सिलिंडरमध्ये हवा साधारण २० पट दाबली जाते, त्या दाबानं ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्यात उडालेलं डिझेल आपलं आपण पेट घेतं. हे सगळं मी त्याला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते झालं हो, पण साफ करून बघायला काय जातं?"

फिल्टरचं पाणी काढलं. चमचाभर निघालं, तेवढ्यावर पाणीवाला दिवसभर खूश होता. हँडपंप मारमारून एअर काढला. फुस कायम. मग धुराकडे मोर्चा वळला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त होतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. आमचा पांढरा निघाला. अण्णांना हायसं वाटलं. "पांढरा म्हणजे साधाच असणार," म्हणाले.

शेवटी फिटर आला. त्यानं कुणाचंही मत विचारलं नाही, त्यामुळे अर्धी सभा तिथंच उठली. गाडी चालू ठेवून त्यानं १७ नंबरचा पाना काढला. सिलिंडरमध्ये डिझेल उडवणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा ढिला करायचा; त्याचं डिझेल बाहेरच्या बाहेर गळतं आणि तेवढा सिलिंडर गप्प होतो. (मी बोट पुढं केलं तसा खेकसला, "हात लांब! ही धार कातडीत घुसते.") गप्प केल्यावर इंजिन डगमगलं, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच.

पहिला ढिला केला, इंजिन हबकलं. दुसरा ढिला केला, बंदच पडायला आलं. तिसरा ढिला केला आणि... काही नाही. त्याच लयीत ढुक-ढुक-ढुक-फुस. पेटायचा क्रम १-३-४-२. पहिल्यानं जोर लावला की लगेच ह्याची पाळी, आणि हा नुसता वर-खाली करत होता.

ही कसोटी मला फार पटली. उभ्या उभ्या मी मनातल्या मनात आमच्या घरातला एकेक नट ढिला करायला लागलो. आई गप्प झाली तर चूल आणि गोठा दोन्ही थंड. बायको गप्प झाली तर पोरांची शाळा आणि मार्केटच्या पट्ट्यांचा हिशेब, दोन्ही बोंबलले. अण्णा गप्प झाले तर सोसायटीचा सेक्रेटरी दारात. पुढचा नट माझा होता. मी फिटरसाठी चहा आणायला गेलो.

नोझल काढून पंप-नोझलवाल्याकडे नेलं. त्याच्या टेस्टरला बसवून त्यानं दांडा दाबला. आधी त्याच्याकडचं एक चांगलं नोझल दाखवलं: 'कर्र' असा आवाज आणि धुक्यासारखा बारीक फवारा. आमच्या नोझलनं आवाज न करता एक वाकडी धार सोडली, आणि मग टोकाला एक टपोरा थेंब धरून बसलं. तो थेंब पडेपर्यंत आम्ही तिघंही बघत राहिलो. "हे पेटणार कसं?" पंपवाला म्हणाला, आणि बिलबुक ओढलं.

नवीन नोझल आलं, खाली तांब्याचा नवा वॉशर आला. जुनाच चालेल का, हे अण्णांनी विचारून पाहिलं. कॉम्प्रेशन गळेल, असं उत्तर मिळालं. एअर काढला, स्टार्टर मारला. जरा खोकलून चौघंही लागले. थरथर गेली, मागचा फाळका वाजायचा थांबला.

हात पुसता पुसता फिटर म्हणाला, "अण्णा, राहिलेल्या तिघांचंबी वय झालंय. अख्खा सेट बदलून टाका."

"तिघं बोलत्यात ना अजून?"

"बोलत्यात की."

अण्णांनी बॉनेट आपटलं. "मग त्यांना मधे टोकू नको."