निर्दोष सायलेन्सर बाळगणाऱ्यांस

आपल्या मोटारीतून काळा धूर निघत असेल, तर तो आधी बंद करून घ्यावा, कारण काळा धूर दिसतो, त्याला वास येतो आणि मागचा स्कूटरवाला आपल्या घराण्याचा उद्धार करतो. सभ्य गृहस्थाने कार्बन डायऑक्साइड सोडावा. तो चारचौघांत सोडला तरी कोणी नाकाला रुमाल लावत नाही.

त्यासाठी पंपाशेजारच्या पीयूसीच्या व्हॅनपाशी जावे. तिथला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि निर्दोषपणाचा कागद हातात ठेवतो. पेट्रोल गाडीच्या त्या कागदावर मर्यादा असते ती कार्बन मोनॉक्साइडला आणि हायड्रोकार्बनला. डायऑक्साइडला कसलीच नसते. इंजिनात पेट्रोल जितके नीट जळेल, तितका त्यातला कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो आणि उरलासुरला मोनॉक्साइडही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाटेत बाटवून घेतो. म्हणून सर्व्हिसिंगला हयगय करू नये.

हिशेबाच्या भानगडीत मात्र पडू नये. लिटरभर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरते, पण जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पदरात घेत असल्यामुळे त्याचा सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. ३५ लिटरची टाकी संपते तेव्हा ८० किलोचा ऐवज, म्हणजे एक खातापिता जावई, सायलेन्सरवाटे निघून गेलेला असतो. पंपावर मीटरचे शून्य डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हा वायू मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेला आहे. इतकी इमानी वाढ मुदत ठेवीलाही नाही. शिवाय त्यातला काही हिस्सा हजारो वर्षे हवेत टिकतो, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव न चढवता आणि भावकीत भांडण न होता तो पणतवंडांपर्यंत आपोआप पोहोचतो.

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाजवळ गाडी लावून काचा वर घ्याव्यात आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवावे. कन्या येऊन बसली आणि ‘पर्यावरणाच्या प्रकल्पाला हिरवा कार्डशीट हवा’ म्हणाली, तर दुकान समोरच दिसत असले तरी तिला उन्हात चालवू नये. पुढच्या चौकातून गाडी वळवून आणावी.